कोयंडे सरांचे सहा आकडे

कोयंडे सरांनी पहिल्या दिवशी माझा फोन काढून घेतला आणि टबात टाकला.

टब म्हंजे धुण्याचा टब. निळा, प्लास्टिकचा, कडेला चीर गेलेला. मुलुंडातल्या एका शाळेच्या संगणक खोलीच्या दारात स्टुलावर ठेवलेला. दोन हजार पंधराचा मे महिना. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर असे कुठनं कुठनं गोळा केलेले आम्ही सव्वीस मास्तर-मास्तरणी, ऐन सुट्टीत दहा दिवसांच्या तंत्रज्ञान कार्यशाळेला डांबलेले. मी चुलतभावाच्या पोरीचं लगीन टाकून आलो होतो, त्यामुळं डोकं आधीच तापलेलं. त्यात हा माणूस दारात उभा राहून पारड्यात कांदे टाकावेत तसे आमचे फोन टबात टाकत होता.

"घरनं फोन यील माझ्या," मी म्हणालो.

"येवंदे. टबात वाजतलो. टबाक काय त्रास नाय."

श्यामकांत कोयंडे हे त्याचं नाव. मूळ मालवणकडचा. बाप गिरणीत, त्यामुळं हा वाढला परळच्या चाळीत, आणि गिरणी बंद पडल्यावर कुटुंब नाहूरला आलं ते तिथंच राहिलं. शाळेत कार्यानुभव शिकवायचा: कागदाची फुलं, पुठ्ठ्याची घरं, बटण लावणं. शाळेला संगणक मिळाले तवा हेडबाईंनी खोलीची किल्ली याच्याकडं दिली, कारण याच्या विषयाला परीक्षा नव्हती आणि हा मोकळा दिसायचा. बाकी कुणी त्या खोलीत पाय ठेवला न्हाई. यानं ठेवला, आणि एकट्यानं बसून सगळं शिकला.

मी बार्शीकडच्या खेड्यातला. घाटकोपरच्या शाळेत मराठी शिकवतो, पण घरची बोली सोडली न्हाई. तपासणीला साहेब आला तरी माझं 'न्हाई' काय 'नाही' झालं न्हाई. तर असा मी, आणि पुढ्यात तो माऊस. खुरपं धरतात तसा मुठीत धरला.

"मेल्या, शेत खणतंस काय? हळू धर. चावना नाय तो."

"मग दाखवा की करून एकदा!"

त्यानं पाठ फिरवून दाखवली. दोन्ही हात मागं, मनगटावर नॅपकिन गुंडाळलेला. स्वतःच गुंडाळायचा. दहाच्या दहा दिवस तसाच फिरायचा, बाकांच्या मधनं, हात मागं बांधून. कुणाच्याही माऊसला हात लावायचा न्हाई. बाई रडकुंडीला येवो, मास्तर तणतणत उठो, हा शेजारी उभा राहून नुसता सांगणार. "वर बघ. अजून वर. आता डावीकडे. वाचलंस काय लिव्हलंय ता? वाच. घाई नाय."

चौथ्या दिवशी चहाला मी विचारलं, की हे सोंग कशापायी?

"माझो बापूस," तो म्हणाला, "गिरणीत सात वर्सां बदली कामगार म्हणान ऱ्हवलो. धागो तुटलो की मुकादम हातातसून ओढून घेय नि स्वतः जोडी. तेका घाई. बापूस बाजूक उभो. सात वर्सां बघीत उभो. मरासर तेका तुटलेलो धागो जोडूक येवक नाय." चहा संपवून त्यानं कप पालथा ठेवला. "आपण हात लावलो की काम आपला होता. तेचा ऱ्हवना नाय."

एवढं बोलून परत नॅपकिन गुंडाळला.

वरनं आलेलं मार्गदर्शनाचं पुस्तक तो उघडायचाच न्हाई. त्यात लिहिलेलं, 'प्रणालीमध्ये प्रवेश करण्याकरिता वापरकर्त्याने स्वतःची ओळख प्रस्थापित करावी.' कोयंडे सांगायचा, "दार ठोक. आतसून विचारतले, कोण ता? आकडो सांग. मगे आत ये." आणि प्रत्येकानं आपल्या वहीत आपल्या घरच्या भाषेत लिहायचं, हा त्याचा दंडक. माझी वही अजून आहे. त्यात आहे, 'हितं दाब. वाईच थांब. गोल गोल फिरतंय तवर हात लावू नगं.' त्या वहीवर मी आजपर्यंत निभावलोय.

आता टबाची गोष्ट, कारण पुढचं सगळं त्या टबातनं निघालं.

पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांची शिक्षकांच्या पोर्टलवर खाती उघडायची होती. आमच्या प्रशिक्षणाचे तास, प्रमाणपत्रं, सगळं त्या खात्यात जमा होणार. खातं उघडताना मोबाईल नंबर घालायचा, त्यावर सहा आकड्यांचा कोड येणार, तो तीन मिनटांत भरायचा. आम्ही सव्वीस जणांनी एकदम नंबर घातले, आणि टब वाजायला लागला. टिंग टिंग टिंग टिंग. सव्वीस फोन एकाच टबात, निम्मे सारख्याच काळ्या कव्हरातले. बाया धावल्या. हा फोन तुझा की माझा, चष्मा कुठाय, अगं हा माझा न्हाई गं. तीन मिनटं झाली, सगळे कोड मेले.

कोयंडेनं टबाकडं बघितलं. नियम त्याचाच, मोडायचा कसा? खिशातनं स्वतःचा फोन काढला.

"सगळ्यांनी आता माझो नंबर घाला. मगे सावकाश बदलूया."

एकेकाचा कोड त्याच्या फोनवर आला, त्यानं मोठ्यानं वाचला, खाती उघडली. टाळ्या पडल्या. बदलायचं राहून गेलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या वर्षासाठी त्यानं स्वतःच्या अक्षरात एक पान तयार केलं, कुठल्या रकान्यात काय घालायचं त्याचं. नमुना म्हणून मोबाईलच्या रकान्यात स्वतःचा नंबर लिहिला, आणि झेरॉक्स काढून वाटलं. मास्तर लोकांनी तो जसाच्या तसा उतरवला. गाइडातलं उत्तर जसंच्या तसं उतरवायची सवय आम्हीच पोरांना लावलेली, ती आमच्या हाताला न्हाई लागणार तर कुणाच्या? असे सात उन्हाळे गेले. मधली दोन वर्षं कोरोनात बुडाली ती सोडून. त्याच्या हजेरीपटावर दोनशे अठ्ठ्याहत्तर नावं झाली, आणि दोनशे अठ्ठ्याहत्तर खात्यांची कडी कोयंडेच्या एका फोनला.

म्हंजे काय, तर मुंबईच्या उपनगरातला कुठलाही मास्तर पोर्टलवर शिरायला गेला की कोड कोयंडेला. लगेच फोन. "सर, आला का?" आणि हा जिथं असंल तिथनं सहा आकडे वाचणार. भांडुपच्या बाजारात एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, "चार, शून्य, सात..." आईच्या बाराव्याला गावी गेला तर रेंजसाठी घाटी चढून वर काजूखाली जाऊन बसला, डोकं तासलेलं, आणि तिथनं विक्रोळीच्या कुण्या बाईला कोड सांगितला. प्रेमा वहिनी, म्हंजे त्याची बायको, म्हणायची, "भावजी, ह्येंका मी हाक मारलंय तर ऐकाक येना नाय. आकडो इलो की झोपेतसून उठतत."

मी कितींदा म्हणालो, "कोयंडे, लोकांचे नंबर बदलून टाक की बाबा."

"बदलूया. ह्या मेत बदलूया."

बदलले न्हाईत. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. कार्यानुभवाच्या मास्तरला शाळेत कोण विचारतं? हितं दिवसातनं दहा माणसं त्याच्या दारात उभी असल्यासारखी.

तेवीस साली तो रिटायर झाला. चोवीसच्या फेब्रुवारीत सकाळी दाढी करताना आरशापुढंच कोसळला. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचा झाला, आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हंजे मुका झाला असं न्हाई. त्याला सगळं कळायचं. विनोद केला तर हसायचा, तो पण बरोबर जागी. पण तोंडातनं भलतंच यायचं. पाणी हवं तर 'खिडकी' म्हणायचा, आणि चुकलं हे कळून कपाळावर मूठ मारून घ्यायचा. आकड्यांचं तर फारच वाईट. फोनवर चार दिसायचा, तोंडातनं सात यायचा. डॉक्टर म्हणाले, आत सगळं शाबूत आहे, बाहेर येणारी वाट तुटलीय. थोडी जुळेल, फार न्हाई.

आणि फोन तर वाजतच होता. लोकांना काय म्हाईत? "सर, आला का?" हा काहीतरी सांगायचा, तिकडं कोड चुकायचा, तीनदा चुकला की खातं दोन दिवस बंद. एकीनं तर त्याला फोनवर झापलं, "सर, तुम्ही पिऊन बसलाय का?" ज्यानं जन्मात पानसुद्धा खाल्लं न्हाई त्याला.

एकदा वहिनीनं त्याच्या हातातनं फोन घेतला आणि कोड वाचून दाखवला. सातवी झालेली बाई, सहा आकडे वाचायला काय लागतं? पण त्यानं भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी वहिनीनं फोन आणून त्याच्या डाव्या हातात ठेवला आणि स्वतःचे हात मागं घेऊन उभी राहिली. तवा घास घेतला.

एप्रिलात दोन गोष्टी झाल्या. एक, पोर्टलवर नोटीस आली: ज्यांच्या खात्यावर स्वतःचा नंबर नसंल त्यांनी एकतीस मेच्या संध्याकाळी सहापर्यंत बदलावा. मग जुनी खाती कायमची बंद, आणि आतले सगळे तास, प्रमाणपत्रं गेली. नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर कोड येणार. म्हंजे कोयंडेच्या फोनवर. दिवसाला तीनच संधी, चौथी न्हाई.

दुसरी गोष्ट, गावाकडनं आंब्याची पेटी आली. वहिनी जमिनीवर बसून आंबे मोजत होती, "एक, दोन, तीन," आणि पलंगावरनं आवाज आला, "चार. पाच. सा." वहिनीचा हात थांबला. हा मोजतच राहिला. सात, आठ, नऊ. एकही चुकला न्हाई.

त्याला आकडा नुसता म्हणता येत नव्हता, पण ओळीनं मोजता येत होतं. एकापासनं सुरू करायचं आणि हव्या त्या आकड्यावर थांबायचं. सात सांगायचा तर एक, दोन, तीन करत सातापर्यंत चालत जायचं. शून्याला बोटांचं वाटोळं करून दाखवायचा. मधे कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासनं. एकेक आकडा जिभेवर यायला दोन-दोन, तीन-तीन सेकंद. कोडात एक-दोन जास्त असले तर निभायचं. आठ-नऊ जास्त असले की तीन मिनटं पुरायची न्हाईत.

मी भेटायला गेलो तवा त्यानं मला हजेरीपट दाखवला. सात वर्षांचे सात कागद, एका फायलीत लावलेले. डाव्या हातानं त्यावर बोट फिरवलं, पहिल्या नावापासनं शेवटच्या नावापर्यंत. मग फोन छातीला लावला. मग दाराकडं बोट केलं. मला कळलं. ही सगळी माणसं त्याला सोडवायची होती. स्वतः. गुंता त्याचा, गाठ तोच सोडवणार.

"मी वाचतो की रं कोड. दोन दिवसांत उरकू."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी हात मागं घेतले.

हेडबाईंनी खोली दिली. सोळा मेपासनं मी रोज नाहूरला जाऊन त्याला रिक्षात घालून मुलुंडला न्यायचो. लोकांना निरोप धाडले: कोयंडे सरांची शेवटची कार्यशाळा, फक्त नंबर बदलायचा, वेळ घेऊन या, आणि आत बोलायचं न्हाई. जे गावी गेलेले, त्यांना दुपारनंतर फोनवर. हजेरीपटातले अकरा जण वारलेले निघाले, निम्मे कोरोनातले. त्यांच्या नावांपुढं त्यानं आधीच खुणा केल्या आणि मला बघून वाकडं हसला. हे आपणहून सुटले, असा त्याचा अर्थ.

पहिल्या दिवशी खोलीत चौतीस माणसं. पुढं कोयंडे खुर्चीवर, डाव्या हातात फोन. माणूस संगणकापुढं बसायचा, बटण दाबायचा, फोन टिंग करायचा. मग खोलीत फक्त पंखा.

"एक... दोन... तीन... चार." थांबला. म्हंजे चार. "एक... दोन." म्हंजे दोन.

चौतीस मास्तर ओठ मिटून ऐकताहेत. जन्मभर वर्गात 'गप बसा' म्हणत आलेली माणसं, मी त्यांना एवढं गप कधी बघितलं न्हाई. जया पाताडे म्हणून भांडुपची एक बाई होती, तोंडाची फटकळ. तिचा पहिला कोड पाचव्या आकड्यावर मेला. ती म्हणाली, "असू द्या सर. सुट्टीच आहे. घरी जाऊन काय, भांडीच." दुसऱ्यांदा जमलं. तिनं नवा नंबर घातला, कोयंडेनं हजेरीपटावर डाव्या हातानं खूण केली, वाकडी, कोंबडीच्या पायासारखी. आणि ती बाई बाहेर जाऊन जिन्यात बसून रडली. आत न्हाई रडली, तेवढं तिला कळत होतं.

मी त्याच्या शेजारी उभा असायचो. फोनचा पडदा मला सरळ दिसायचा. मी मुद्दाम खिडकीकडं बघायचो. शाळेच्या आवारात गुलमोहोर होता, पंधरा दिवस मी तोच बघितला.

पंचवीस तारखेपर्यंत दोनशे खुणा झाल्या. त्याचं तोंड दुखायचं, संध्याकाळी जीभ जड व्हायची. वहिनी रोज पेजेची बाटली द्यायची. रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचा, आणि झोपेतही ओठ हलायचे. मोजायचा.

माझं खातं मी शेवटी ठेवलं होतं. आधी लोकांचं होऊ दे, माझं कुठं पळतंय, असं म्हणायचो. म्हणायला बरं वाटायचं. पण खरं हे, की आमच्या शाळेत जूनला मुख्याध्यापकाची जागा भरणार होती, माझं नाव वर होतं, आणि माझ्या सगळ्या प्रशिक्षणाचे तास त्या खात्यात होते. ते गेले असते तर माझ्याखालचा माणूस वर बसला असता. हे मी कोयंडेला कधी सांगितलं न्हाई. त्याला म्हाईत असणार.

एकतीस मेला दुपारी साडेचारला शेवटच्या माणसाची खूण झाली. राहिलो मी. खोलीत आम्ही तिघं: तो, मी, आणि त्या दिवशी मुद्दाम आलेली प्रेमा वहिनी. ती दाराशी उभी होती, हात मागं बांधून.

मी बटण दाबलं. कोयंडे दिवसभर बोलून पिंजून निघालेला. पहिला कोड चौथ्या आकड्यावर संपला.

"हुंदे," मी म्हणालो. "दम घे. पाणी पी."

दुसरा सव्वापाचला. तिसऱ्या आकड्याला खाली रस्त्यावर कुणीतरी फटाक्याची माळ लावली, वरात चालली होती. त्याचा मोजणीचा धागा तुटला. पुन्हा एकापासनं. पुन्हा तुटला. तीन मिनटं संपली.

पावणेसहा वाजले. तिसरी संधी, शेवटची. मी खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. बटण दाबलं. फोन वाजला. त्यानं पडद्याकडं बघितलं आणि डोळे मिटून पुन्हा उघडले. मला तेवढ्यानंच कळलं, की कोड वाईट आहे.

"एक... दोन... तीन... चार... पाच... सा... सात... आठ... नऊ." थांबला.

नऊ भरला.

पुन्हा एकापासनं. आठ.

पुन्हा. नऊ.

त्याच्या कपाळावरनं घाम नाकावर उतरला, पुसायला हात न्हाई, एक निकामी आणि दुसऱ्यात फोन. वहिनी दारातनं हलली न्हाई. चौथा सात. पाचवा आठ. संगणकावर कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते. तीस राहिले.

"एक..." त्यानं सहावा सुरू केला. "दोन... तीन..."

पंधरा दिवस मी खिडकीकडं बघितलं. त्या वेळी फोनकडं बघितलं.

शेवटचा आकडा नऊ होता.

"चार... पाच..."

वीस सेकंद. अजून चार आकडे. दोन-दोन सेकंद लागले असते तर पोचला असता. तीन-तीन लागले असते तरी पोचला असता. मी आजवर हा हिशेब किती वेळा मांडला ते विचारू नका.

मी नऊ दाबला.

संगणकानं टुंग केलं, पडद्यावर हिरवी पट्टी आली.

"सा," कोयंडे म्हणाला.

आणि थांबला. तो आवाज त्यानं आठ-नऊ वर्षं ऐकलेला, त्याला कळणार न्हाई असं कसं होईल? त्यानं माझ्या बोटाकडं बघितलं. बोट अजून नवावरच होतं. मग माझ्याकडं बघितलं, रागानं न्हाई. कार्यशाळेत कुणी घाईनं भलतंच दाबलं की बघायचा तसंच. फोन त्यानं टेबलावर पालथा ठेवला. डावा हात उचलून पाठीमागं नेला आणि तिथंच राहू दिला.

मी नवा नंबर भरला. माझ्या स्वतःच्या फोनवर कोड आला, तो मी गुमान टाकला. "झालं बघ, कोयंडे," म्हणालो. "समदी सुटली." माझा आवाज मलाच भलत्याचा वाटला.

रिक्षात तो डोकं टाकून झोपला न्हाई. ताठ बसला.

जूनला मी मुख्याध्यापक झालो. पेढे घेऊन नाहूरला गेलो. त्यानं पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा वहिनीला दिला. मी इकडचं तिकडचं बोललो, तो मान हलवायचा. वहिनी मला सोडायला खालपर्यंत आली.

"भावजी, ते मोजणा सोडल्यानी."

"म्हंजे?"

"त्या दिवसापासून. मी आंबे घेऊन बसलंय, कपडे घेऊन बसलंय, मोठ्यान मोजलंय. पयली तोंड उघडायचे. आता भिताडाकडे बघतत. सा म्हणान थांबले ते सातार येवकच नाय."

बोलण्याचे व्यायाम घ्यायला घरी एक डॉक्टरीणबाई यायच्या, त्यांनी पण हात टेकले. फोन वाजायचा बंद झाला होता, कारण आता कुणाचाच कोड त्याच्याकडं येत नव्हता. त्यानं स्वतःच सगळ्यांना सोडवलं होतं. दिवसभर फोन उशाशी पालथा. गणपती झाले, आणि पितृपक्षात एका सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तर तो गेलेला होता.

स्मशानात मास्तर लोकांची ही गर्दी. जया पाताडे पुढं होती. जो तो सांगत होता, मला कोड सांगताना सर कुठं होते, माझा कोड कितीदा मेला, मग कसा जमला. एक जण मला म्हणाला, "सर, तुम्ही होता म्हणून झालं हो सगळं." मी मान हलवली.

यंदाच्या मेत वरनं पत्र आलं, कार्यशाळा तुम्ही घ्या, तुम्हाला अनुभव आहे. मी शाळेच्या कामाचं कारण लावून दुसऱ्याचं नाव दिलं.

त्याच आठवड्यात वहिनीनं बोलावलं. घर आवरायला काढलं होतं. रिटायर होताना त्यानं घरी आणलेला तो निळा टब तिनं मोरीत ठेवलेला, त्यात कपडे भिजत होते. पलंगावर हजेरीपटाची फाईल.

"ह्या तुमका. माका काय करूचा हा?"

मी चाळला. नाव आणि पुढं कोंबडीचा पाय, नाव आणि कोंबडीचा पाय. कुठं शाई फुटलेली, कुठं कागद फाटलेला. मेलेल्यांच्या पुढं पण. चौदाव्या नंबरावर, कुंडलिक गोरख ढेंबरे, म्हंजे मी. पुढचा रकाना कोरा.

वहिनी माझ्या खांद्यावरनं बघत होती. तिला ते आधीच म्हाईत होतं.

"तुमची एकट्याची ऱ्हवली," ती म्हणाली. फडताळावरनं पेन काढून तिनं माझ्यापुढं धरलं. "करतास काय?"

मी पेन घेतलं न्हाई.

"मगे ऱ्हवांदे," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.